शेडमधला झिरो: पंधरा मीटरवर बरोबर, पंचवीसवर सहा सेंटिमीटर वर

सप्टेंबरातल्या एका स्पर्धेत मी शिकवत असलेल्या एका मुलीच्या पाच साइटरपैकी (साइट तपासायला मिळणाऱ्या, गुणांत न धरल्या जाणाऱ्या गोळ्यांपैकी) तीन आठच्या रिंगमध्ये गेले, एक सातात आणि एक नवात. पाचही सरळ वर, घड्याळातल्या बाराच्या बाजूला. ग्रुप वाईट नव्हता. तळहाताने झाकला असता तर पाचही भोकं झाकली गेली असती. फक्त तो ग्रुप जिथे असायला हवा होता तिथे नव्हता.

२५ मीटर पिस्तूल प्रकारात प्रिसिजनच्या, म्हणजे वेळ घेऊन मारायच्या भागाच्या, आधी साइटरची एकच मालिका मिळते: पाच मिनिटं, पाच गोळ्या. त्यानंतर गुणांच्या सहा मालिका, प्रत्येकी पाच गोळ्यांच्या. म्हणजे साइट बरोबर आहेत की नाहीत हे ठरवायला शूटरच्या हातात पाचच भोकं असतात. तिने रिअर साइट (नेम धरायची मागची खाच) दोन क्लिक खाली घेतली. तिच्या पिस्तुलावर एक क्लिक म्हणजे २५ मीटरवर साधारण १० मिलिमीटर. ग्रुप सहा सेंटिमीटर वर होता आणि तिने दोनच दुरुस्त केले. नंतर विचारलं तेव्हा म्हणाली, "सर, मला वाटलं माझाच हात घाबरलाय. सगळं साइटवर ढकललं आणि पुढच्या मालिकेत हात शांत झाला, तर सगळं खाली जाईल ना."

प्रिसिजनमध्ये ती २७८ च्या आसपास मारायची. त्या दिवशी ३०० पैकी २५९ झाले.

हे प्रकरण सविस्तर लिहितोय, कारण त्यातली मूळ चूक तिची नव्हती. साइट कुठल्या अंतरावर झिरो करायच्या, म्हणजे ग्रुप मध्यभागी बसेल अशा लावायच्या, हा निर्णय माझा होता. तो मी घाईत घेतला आणि नंतर सहा आठवडे दोष भलतीकडेच शोधत राहिलो.

आधी काय झालं होतं

आमचा क्लब पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या गावी आहे. आमच्या भागातल्या मुली एअर पिस्तुलावरून पुढे २५ मीटरकडे वळतात, यात राही सरनोबतचा वाटा मोठा आहे. कोल्हापूरच्या या मुलीने २०१३ मध्ये चांगवॉनच्या विश्वचषकात सुवर्ण घेतलं आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पालेमबांगला याच प्रकारात पुन्हा सुवर्ण. तेव्हापासून दहा मीटरच्या हॉलमध्ये उभ्या असलेल्या बाराचौदा वर्षांच्या पोरी विचारतात, "सर, पॉइंट टू टू कधी?" म्हणजे २५ मीटरला लागणारं .२२ बोअरचं पिस्तूल.

ही मुलगी त्यांतलीच, फक्त आता एकोणीस वर्षांची. जूनमध्ये तिच्या पिस्तुलाच्या फ्रंट साइटचं पातं बदललं. जुनं पातं तिला अरुंद वाटत होतं. रिअर साइटच्या खाचेत दोन्ही बाजूंना फार उजेड दिसायचा, आणि रॅपिडमध्ये, म्हणजे झटपट मारायच्या भागात, तीन सेकंदांत तो उजेड सारखा वाटून घेणं जमेना. नवं पातं रुंद होतं, उंचीतही किंचित फरक होता. पातं बदललं म्हणजे डायरीतले जुने क्लिक बाद. नव्याने झिरो करणं भागच होतं.

पण जून म्हणजे पाऊस. आमची २५ मीटरची रेंज उघड्यावर आहे. पहिल्या दोन मोठ्या सरींनंतर टार्गेटच्या रांगेपर्यंत पाय ठेवता येत नाही, आणि ओल्या मातीच्या बांधावर आम्ही फायर करत नाही. पावसाळ्यात उरते ती पत्र्याची शेड. तिथे पॉइंट टू टूसाठी परवानगी असलेली आणि मागे गोळी अडवणारी पेटी असलेली एक लेन आहे. अंतर १५ मीटर.

मी तिला म्हटलं, "इथेच करू झिरो. दहा मीटरचा फरक पॉइंट टू टूला काही नाही."

हे वाक्य चूक नव्हतं, आणि म्हणूनच ते इतके दिवस कुणाला खटकलं नाही. शेडमध्ये आम्ही २५ मीटरचं नेहमीचं प्रिसिजन कार्ड लावलं, कारण क्लबात गठ्ठेच्या गठ्ठे तीच कार्डं पडून असतात. तीन दिवसांत तिने ग्रुप बरोबर मध्यभागी आणला. मी डायरीत सही केली.

सहा आठवडे मनगटावर

स्पर्धेनंतर शेडमध्ये परत आलो. तिने ते दोन क्लिक पुन्हा वर घेतले आणि पहिल्याच मालिकेत ग्रुप मध्यभागी. माझ्या मनात निष्कर्ष तयारच होता: सरावात बरोबर, स्पर्धेत वर, म्हणजे दडपणाखाली ट्रिगर सुटताना ती तळहाताने पिस्तूल वर ढकलतेय. ही चूक नेहमीची आहे. गोळी आता सुटणार हे कळलं की मनगट ताठ होतं, पंजाचा खालचा भाग ग्रिपवर दाबला जातो आणि गोळी वर जाते.

त्याला पुरावाही सापडला. रॅपिडमध्ये तिचे २८१ झाले होते, नेहमीच्या २८६ पेक्षा पाचच कमी. म्हणजे शांतपणे, वेळ घेऊन मारायच्या भागात हात बिघडतो आणि झटपट भागात नाही. "तू विचार जास्त करतेस," मी तिला सांगितलं. मनगटाचे व्यायाम दिले. कोरडं फायरिंग (गोळी न भरता ट्रिगर दाबायचा सराव) दुप्पट केलं. ग्रिपच्या तळाशी पुट्टी लावून उंची बदलली, आणि ते बघायला नको इतकं चुकीचं निघालं, कारण त्यामुळे तिचा चांगला असलेला हात खरोखरच अवघडू लागला.

रॅपिडचा तो पुरावा फसवा होता, हे आज स्पष्ट दिसतं. रॅपिडचं कार्ड वेगळं असतं. प्रिसिजनमध्ये दहाची रिंग ५० मिलिमीटर व्यासाची, रॅपिडमध्ये १०० ची. पाचपासून दहापर्यंत सगळंच काळं, ५०० मिलिमीटर. तिच्या डायरीत रॅपिडचे क्लिक "प्रिसिजनपेक्षा १३ खाली" असे लिहिलेले होते, आणि ते अंतर जुन्या पात्यावरही तेवढंच होतं, नव्यावरही. त्यामुळे प्रिसिजनमध्ये उरलेली चार सेंटिमीटरची चूक जशीच्या तशी रॅपिडमध्ये गेली होती. फक्त तिथे दहाची रिंग दुप्पट आणि बाकीच्या रिंगाही जास्त रुंद असल्याने ती गुणांत फारशी दिसली नाही.

ऑक्टोबरातली पहिली सकाळ

रेंज वाळली तेव्हा दसरा होऊन गेला होता. पंचवीस मीटरवर पहिल्यांदा उभी राहिली तेव्हा मी तिला साइटला हात लावू नको म्हटलं. शेडमधलाच झिरो, वीस गोळ्या, चार कार्डांवर पाचपाच. कुणी बघत नव्हतं, स्पर्धा नव्हती, दडपण नव्हतं.

चारही कार्डांवर ग्रुप वर होता. सगळी भोकं एका कागदावर उतरवून मध्य काढला, तो ५७ मिलिमीटर वर आला. आणि जे मला सप्टेंबरातच दिसायला हवं होतं ते तेव्हा दिसलं: तो ग्रुप गोल होता. उभा फैलाव आडव्याइतकाच. मनगट ढकलणारा शूटर दर वेळी सारखंच ढकलत नाही. एक गोळी सातात जाते, दुसरी दहात, तिसरी कार्डाच्या कडेला. त्याचा ग्रुप उभा लांबतो. गोल ग्रुप अख्खाच्या अख्खा वर सरकलेला असेल, तर आधी पिस्तुलाकडे बघायचं आणि मग माणसाकडे.

दुपारी डायरी काढली. जुलैच्या पानावर तिच्या अक्षरात होतं: "अंतर १५ मी. कार्ड: २५ प्रिसिजन. ग्रुप सेंटर. ओके." खाली माझी सही. त्या पानावर सगळं लिहिलेलं होतं.

कागदावरचा हिशेब

मी सांगितलेलं वाक्य आधी तपासलं: अंतराचा फरक खरंच किरकोळ आहे का?

नजरेची रेषा सरळ असते. नळी तिच्या खाली असते. या पिस्तुलात मोजली तर सुमारे १५ मिलिमीटर खाली. गोळी नळीतून निघाल्यापासून खाली पडू लागते, म्हणून साइट अशा बसवतात की नळी नजरेच्या रेषेच्या तुलनेत किंचित वर बघते. गोळी खालून येते, नजरेची रेषा एकदा ओलांडते, तिच्या थोडी वर राहते आणि पुढे पुन्हा खाली उतरते.

पिस्तुलाच्या छोट्या नळीतून साध्या वेगाच्या पॉइंट टू टूचा वेग मी सेकंदाला २८० मीटर धरला. त्या वेगाने गोळी १५ मीटरपर्यंत १४ मिलिमीटर पडते, २५ पर्यंत ४० आणि ५० पर्यंत सुमारे १७०. आता समजा नेम टार्गेटच्या अगदी मध्यावर धरतोय आणि झिरो २५ मीटरवर केलाय. मग गोळी साधारण नऊ मीटरवर नजरेच्या रेषेला भेटते, १५ मीटरवर तिच्या चार मिलिमीटरही वर नसते आणि २५ वर परत रेषेवर येते. उलट झिरो १५ मीटरवर केला, तर २५ मीटरवर गोळी सहा मिलिमीटर खाली बसते. वेग २६० धरून पुन्हा केलं तरी नऊ मिलिमीटरच आले. एका क्लिकच्या आतली गोष्ट.

म्हणजे माझं म्हणणं खरं होतं. गोळीचं पडणं या प्रकरणात गुन्हेगार नव्हतंच. शिवाय दिशा उलटी होती. गोळीच्या पडण्याने ग्रुप खाली जायला हवा होता, आणि आमचा तर सहा सेंटिमीटर वर होता.

गुन्हेगार काळा गोल होता.

प्रिसिजनमध्ये बहुतेक शूटर काळ्याच्या मध्यावर नेम धरत नाहीत. काळ्या पार्श्वभूमीवर काळं पातं बुडून जातं आणि त्याची वरची कड नेमकी कुठे आहे हे डोळ्याला कळत नाही. म्हणून नेम काळ्याच्या खाली, पांढऱ्यावर धरतात, पात्याची कड आणि काळ्याची खालची कड यांच्यामध्ये पांढरी फट ठेवून. आमच्याकडे याला सिक्स ओक्लॉक म्हणतात. तिची फट २५ मीटरवर साधारण ३५ मिलिमीटरची. काळा गोल २०० मिलिमीटर व्यासाचा, म्हणजे अर्धा १००. म्हणून तिचं पिस्तूल नेम धरलेल्या जागेच्या १३५ मिलिमीटर वर मारणारं असायला हवं. या मुलीसाठी झिरो म्हणजे हे १३५.

आता तेच कार्ड १५ मीटरवर लावलं. फट डोळ्याला दिसते त्या प्रमाणात ठेवली जाते, त्यामुळे ती आपोआप बारीक होऊन २१ मिलिमीटर झाली. त्यात अडचण काही नाही. पण काळ्याचा अर्धा भाग आपोआप लहान होत नाही. तो छापलेला आहे, १०० तो १००. पंचवीस मीटरवर १०० मिलिमीटर वर मारायचं, तर नळीने दर मीटरला चार मिलिमीटर वर बघायचं. पंधरा मीटरवर तेच १०० मिलिमीटर गाठायला दर मीटरला पावणेसातच्या जवळपास. हा दर मीटरमागचा पावणेतीन मिलिमीटरचा फरक २५ मीटरवर ६७ होतो. त्यातून गोळीच्या पडण्याचे सहा वजा करा. साठ उरतात.

वीस गोळ्यांवर मोजलेले ५७ होते.

रिअर साइटच्या जागी हे किती असेल म्हणून तेही काढलं. साइटमधलं अंतर २२० मिलिमीटर धरलं तर २५ मीटरवरचे ६० म्हणजे रिअर साइटची अर्ध्या मिलिमीटरची उंची. पोस्टकार्डाच्या दोन थरांइतकी. एवढ्यावर आम्ही सहा आठवडे एका मुलीचं मनगट तपासलं.

हिशेब खरा की योगायोग

एक आकडा जुळला म्हणून मी थांबलो नाही. एकदा चुकीच्या निदानाला पुरावा सापडला होता, दुसऱ्यांदाही सापडू शकला असता. म्हणून असं काहीतरी हवं होतं जे आधी सांगता येईल आणि मग फायर करून बघता येईल.

कार्ड ६० टक्के आकाराचं छापलं, कारण १५ हे २५ च्या ६० टक्के. काळा गोल १२० मिलिमीटर, दहाची रिंग ३०. छपाईवाल्याकडे पट्टी घेऊन गेलो, कारण प्रिंटर "पानात बसवताना" आकार गुपचूप थोडा कमी करतो. पहिला नमुना ११६ चा निघाला होता. साइट शेडच्या जुन्याच झिरोवर ठेवल्या. हिशेब म्हणत होता की छोट्या कार्डावर ग्रुप ४० मिलिमीटर वर जाईल: मोठ्या कार्डासाठी नेमाच्या वर १२१ मारणारं पिस्तूल, आणि छोट्या कार्डाला हवेत ८१. हा आकडा आधी फळ्यावर लिहिला आणि मग तिला लेनवर बोलावलं. वीस गोळ्या. ३८ मिलिमीटर वर.

तिने फळ्याकडे पाहिलं, कार्डाकडे पाहिलं आणि म्हणाली, "म्हणजे सर, मी बरोबरच मारत होते."

होय. पहिल्या दिवसापासून.

मग रिअर साइट सहा क्लिक खाली घेतली आणि दुसऱ्या दिवशी २५ मीटरवर मोठ्या कार्डावर पुन्हा वीस गोळ्या मारल्या. मध्य चार मिलिमीटर खाली आला. संध्याकाळी आणखी वीस मारल्या, तेव्हा सहा वर. तिला लगेच क्लिक फिरवायचा होता. मी हात धरला.

कारण हे: तिच्या हाताचा फैलाव बघता एका गोळीची उभी चूक साधारण २६ मिलिमीटरची. तीन गोळ्यांच्या ग्रुपचा मध्य काढला तर तो खऱ्या मध्यापासून १५ मिलिमीटर इकडेतिकडे असणं अगदी सामान्य. पाच गोळ्यांवर बारा, दहावर आठ, वीसवर सहा. एक क्लिक दहाचा. म्हणजे तीन गोळ्या बघून क्लिक फिरवणारा शूटर साइट सुधारत नसतो, आपल्याच फैलावामागे धावत असतो. वीस गोळ्यांवर चार खाली आणि सहा वर हे दोन्ही आकडे मला शून्यच सांगतात. संध्याकाळचा उजेड तिरका होता, त्याचा परिणाम असेल का असंही तिने विचारलं. पात्याच्या कडेवर ऊन चमकलं तर डोळा चमकणारी कड धरतो आणि ग्रुप सरकतो, ते खरं आहे. म्हणून तर जुने लोक कापूर जाळून त्याच्या काजळीने पातं मिट्ट काळं करायचे, आणि आम्हीही करतो. पण सहा मिलिमीटरमधून उजेडाचा परिणाम वाचणं म्हणजे धुक्यात अक्षरं शोधणं झालं असतं. तो प्रश्न वहीत लिहून ठेवला.

मग अंतर कोणतं निवडलं

निर्णयाच्या वेळी समोर तीन मार्ग होते.

पहिला, नेम काळ्याच्या मध्यावर धरायचा. मग कार्डाचा आकार बाद होतो, १५ वर झिरो केला तरी २५ वर सहाच मिलिमीटरचा फरक आणि पावसाळ्याची चिंता संपली. ज्यांना वेगवेगळ्या अंतरांवर, वेगवेगळ्या आकाराच्या टार्गेटवर एकाच झिरोने मारायचंय, त्यांनी हाच मार्ग घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. पण ही मुलगी प्रिसिजन मारते. तिच्या डोळ्याला पांढऱ्यावरचं काळं पातं लागतं, आणि पाच वर्षं एअर पिस्तुलावर तिने तीच सवय केलीय. अर्ध्या मिलिमीटरच्या दुरुस्तीसाठी पाच वर्षांची नजर बदलायची नाही.

दुसरा मार्ग, झिरो फक्त आणि फक्त २५ वर करायचा आणि पावसाळ्यात साइटला हातच लावायचा नाही. हा सगळ्यात स्वच्छ मार्ग, आणि शक्य असेल तेव्हा आम्ही तोच पाळतो. जिथे स्पर्धा त्या अंतरावर, त्याच कार्डावर, हातात धरून, रोजच्याच गोळ्यांनी. पिस्तूल टेकवून झिरो केला तर ग्रुप लहान येतो, पण हातातला झटका वेगळा असल्याने मध्य वेगळ्या जागी पडतो. पण पातं जूनमध्येच तुटलं किंवा बदलावं लागलं तर? यंदा तसंच झालं होतं.

म्हणून तिसरा: मूळ झिरो २५ चा, पण शेडमध्ये ६० टक्क्यांचं कार्ड आणि एक ठरलेली खूण. झिरो २५ वर बरोबर असेल तर १५ वर गोळी चार मिलिमीटर वर जायला हवी. म्हणजे शेडमध्ये ग्रुप दहाच्या रिंगच्या बरोबर मध्यावर आणायचाच नाही. तो मध्यापासून चार मिलिमीटर वर राहू द्यायचा. हे तिला पटायला वेळ लागला. सुंदर मध्यभागी बसू शकणारा ग्रुप मुद्दाम वर ठेवणं कुठल्याही शूटरला बोचतं. मलाही बोचतं.

पन्नास मीटरचं काय, असं क्लबातल्या एका ज्येष्ठ सदस्यांनी विचारलं. ते फ्री पिस्तूल मारतात. तो प्रकार रिओनंतर ऑलिम्पिकमधून गेला, पण आपल्याकडे अजून मारला जातो, आणि २०१८ च्या जागतिक स्पर्धेत ओम प्रकाश मिठरवालने त्यात सुवर्ण घेतलं होतं. त्यांच्यासाठी हिशेब केला तेव्हा एक गमतीचा निकाल निघाला. काळ्याच्या मध्यावर नेम धरून २५ वर झिरो केलेलं हे पिस्तूल ५० वर साडेसात सेंटिमीटर खाली मारेल. पण सिक्स ओक्लॉकने झिरो केलं असेल तर ५० वर अडीच सेंटिमीटर वर. कारण ५० मीटरचं कार्डही तेच, काळा गोल तोच २०० चा. दुप्पट अंतरावर तो निम्मा दिसतो, ग्रुप दहा सेंटिमीटर वर ढकलला जातो आणि गोळीचं पडणं त्यातले साडेसात खाऊन टाकतं. शेडमध्ये ज्या गोष्टीने आम्हाला खड्ड्यात घातलं, तीच तिथे गोळीच्या पडण्याची जवळजवळ भरपाई करते. काकांनी तो कागद घडी घालून खिशात ठेवला.

रॅपिडबद्दल थोडक्यात: तिथे काळं ५०० चं असल्याने खालून नेम धरण्याचा प्रश्नच नाही. ती मध्यावर धरते, आणि १३५ वरून शून्यावर यायला तेरा क्लिक खाली. तिचा जुना आकडा बरोबरच होता. तो बदलला नाही.

त्यानंतर

ग्रिपवरची पुट्टी मी स्वतः काढली. मनगटाचे व्यायाम बंद केले आणि तिच्या आईवडिलांसमोर तिला सांगितलं की तिच्या हातात दोष नव्हता, मी चुकीचं कार्ड लावलं होतं. तिचे बाबा म्हणाले, "जाऊ द्या हो सर." ती काही बोलली नाही. डिसेंबरात २५ मीटरवर तिने प्रिसिजनमध्ये २८० मारले. तिचा आजवरचा सगळ्यात चांगला आकडा तोच.

डायरीच्या छापील पानावर पूर्वी "अंतर" आणि "क्लिक" असे दोनच रकाने होते. आता चार आहेत: अंतर, काळ्या गोलाचा व्यास पट्टीने मोजून, नेम कुठे, आणि मध्य किती गोळ्यांवर काढला. शेडच्या भिंतीवर १२० मिलिमीटरचा काळा गोल चिकटवलाय आणि त्याखाली तिच्याच अक्षरात लिहिलंय: "१५ मी. साठी हाच. ग्रुप ४ मिमी वर."

पुढच्या जूनमध्ये पाऊस लवकर आला. क्लबातल्या दुसऱ्या एका मुलाची रिअर साइट सैल झाली आणि त्याला नव्याने झिरो करायचं होतं. तो गठ्ठ्यातून मोठं कार्ड ओढून काढत होता. ती शेजारच्या बाकावर गोळ्या मोजत बसली होती. न उठताच म्हणाली, "अरे, ते नको. पट्टी घे आधी."

त्याने छोट्या कार्डावर वीस गोळ्या मारल्या आणि मध्य चार वर ठेवला. ऑगस्टात पुण्याला बालेवाडीत २५ मीटरवर साइटर मारून आल्यावर मी विचारलं, किती क्लिक फिरवलेस?

"एकही नाही, सर."